नीरा-भीमेच्या बेचक्यात

पुणे जिल्ह्याचा नकाशा समोर धरला तर आग्नेयेला त्याचे एक टोक थेट सोलापूर जिल्ह्यात शिरलेले दिसते. हा इंदापूर तालुका. उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा, आणि दोघींची भेट नरसिंगपूरला. या दोन नद्यांच्या बेचक्यात पूर्वेकडे इंदापूर आणि त्याला लागून पश्चिमेकडे बारामती असे दोन तालुके बसले आहेत. भीमा ओलांडली की करमाळा आणि माढा, नीरा ओलांडली की माळशिरस आणि फलटण. बारामतीला कऱ्हा नावाची आणखी एक नदी आहे. ती पुरंदरच्या डोंगरातून मोरगाववरून येते आणि सोनगावजवळ नीरेला मिळते.

नद्या तीन असूनही हा मुलूख दुष्काळी. भीमा भीमाशंकरला उगवते, नीरा भोरच्या डोंगरात. तिथे चार महिने पाऊस कोसळतो. सह्याद्री उतरून ढग इथपर्यंत येतात तेव्हा त्यांत फारसे काही उरलेले नसते. वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला मोठा वाटा परतीचा. म्हणून इथला जुना शेतकरी मृगापेक्षा हस्ताकडे डोळे लावून बसे. हस्त पडला तर शाळू साधतो, शाळू साधला तर वर्षाची भाकरी आणि जनावरांचा कडबा दोन्ही साधतात. हलक्या रानात बाजरी, मटकी, हुलगा. खाली सगळा काळा कातळ, त्यावर नदीकाठी पुरुषभर खोल काळी माती. नदीपासून वर सरकावे तशी माती पातळ होत जाते आणि माळावर नुसता मुरूम उघडा पडतो.

या माळांना ओसाड म्हणण्याची सवय आहे. ती चुकीची आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे. तिथे चिंकारा राहतात. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या गवताळ माळावर चिंकारा आहेत, लांडगे आहेत, खोकड आहे. ही गवताची कुरणे हजारो वर्षे जनावरांची आणि मेंढपाळांची होती. धनगरांचे वाडे दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन घाट उतरत, कोकणात चराई करून पावसाच्या तोंडाला परतत. वाटेत शेतकरी त्यांना रानात मेंढ्या बसवायला बोलावत, कारण लेंडीखताइतके चांगले खत दुसरे नाही. या व्यवहारात जमिनीची मालकी कोणाची हा प्रश्न फारसा येत नसे. कोणत्या महिन्यात कोण कुठे असेल, एवढे ठरलेले असले की पुरे.

राजकारणात मात्र हा मुलूख कधीच कोपऱ्यात नव्हता. इंदापूर भोसले घराण्याच्या जहागिरीत होते. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत कामी आले असे परंपरा सांगते, आणि गावात त्यांची गढी आहे. सुपे हा शहाजीराजांच्या जहागिरीतला परगणा. तिथे कारभार पाहणारे संभाजी मोहिते हे शिवरायांचे सावत्र मामा. १६५६ साली महाराजांनी त्यांना बाजूला करून सुपे ताब्यात घेतले. पेशवाईत बारामती सावकारांचे गाव झाले. बाबूजी नाईक जोशी हे तिथले बडे प्रस्थ. त्यांच्या भावाला थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई दिली होती. तरीही १७४० साली बाजीराव गेल्यावर पेशवेपद मिळवायला हेच बाबूजी नाईक पुढे सरसावले होते. त्यांचा वाडा कऱ्हेच्या काठी आहे. याच नाईकांच्या आश्रयाने पन्हाळ्यात जन्मलेले मोरोपंत बारामतीत स्थायिक झाले आणि १७९४ साली तिथेच वारले. मराठी आर्या ज्या गावात घडली ते गाव कऱ्हेच्या काठी शेतीला पाणी नसलेल्या मुलखात होते, हे मला महत्त्वाचे वाटते. तिथला पैसा शेतातून कमी आणि सावकारीतून, वतनांतून, पेशव्यांच्या दरबारातून जास्त येत होता.

१८१८ साली पेशवाई गेली आणि प्रश्न उभा राहिला तो साऱ्याचा. कंपनी सरकारला दर शेतावर ठरावीक रोख सारा हवा होता. हे काम रॉबर्ट प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडे आले. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत त्याच्या डोक्यात पक्का बसलेला. शेताचे उत्पन्न काढा, त्यातून मशागतीचा खर्च वजा करा, उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सरकारचा. हिशोब कागदावर सरळ होता. पण मोजणीत चुका होत्या, कारकुनांची हातचलाखी होती, आणि नेमके त्याच वर्षांत धान्याचे भाव कोसळले. इंदापुरात सारा भरणे लोकांना जमेना. कित्येक जण जमिनी टाकून निजामाच्या मुलखात निघून गेले आणि तालुक्यातली बरीच रानं पडीक झाली.

त्या पडीक रानांमुळेच इंदापूरचे नाव महसुलाच्या इतिहासात कायमचे कोरले गेले. १८३५-३६ मध्ये हेन्री गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि जॉर्ज विंगेट हा लष्करी इंजिनिअर यांनी इंदापूर तालुका नव्याने मोजायला घेतला. पुढे ज्याला मुंबई इलाख्याची रयतवारी पद्धत म्हटले गेले, जी वऱ्हाडात आणि म्हैसूरपर्यंत गेली, तिची पहिली साखळी इंदापूरच्या मातीत पडली. या दोघांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडून दिला. लोक प्रत्यक्षात किती देऊ शकतात, आजवर किती देत आले, पडीक रान पुन्हा वहिताखाली यायला दर कुठवर खाली आणावा लागेल, याचा अदमास घेऊन त्यांनी दर बसवले आणि ते ३० वर्षे वाढणार नाहीत अशी हमी दिली.

ही मोजणी कशी चाले ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. शंकू रोवून काटकोन काढायचा, साखळी ताणायची, आणि शेताच्या कोपऱ्याकोपऱ्याचे माप टिपणात साखळी-आण्यांत उतरवायचे. मग प्रतवारी. शेताचे मनातल्या मनात चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात माती खणून पाहायची. काळी माती पावणेदोन हात खोल लागली, म्हणजे साधारण अडीच फूट, तर ती सोळा आणे. खोली कमी होईल तसे आणे कमी. तांबूस, भरड मातीचा दर्जा आणखी खाली. मातीत चुनखडी असेल, वाळू मिसळली असेल, उतार असेल, पाणी साचत असेल तर त्याची खूण करून एकेक वर्ग उतरवायचा. ९ वर्गांची ही उतरंड पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्की झाली. आजच्या सातबाऱ्यावर ‘आकारणी’ आणि ‘पोटखराब’ हे रकाने दिसतात, त्यांचे मूळ या खणून पाहिलेल्या खड्ड्यांत आहे. भूमी अभिलेख कार्यालयात हद्दीचा वाद गेला की आजही जुने टिपण काढले जाते.

याच ३३ फुटांच्या दुप्पट, म्हणजे ६६ फुटांच्या साखळीने त्याच सुमारास अमेरिकेचा मध्य-पश्चिम भाग मोजला जात होता. १७८५ च्या कायद्याने तिथे ६ मैल लांब आणि ६ मैल रुंद असे चौकोन आखायचे ठरले. त्यांना टाउनशिप म्हणतात. एका टाउनशिपचे ३६ भाग, प्रत्येक ६४० एकरांचा, आणि १६ क्रमांकाचा भाग शाळेसाठी राखून ठेवलेला. पुढे १८६२ च्या कायद्याने वसायला येणाऱ्या कुटुंबाला १६० एकर दिले गेले, म्हणजे एका भागाचा बरोबर चौथा हिस्सा. ओहायो-आयोवाच्या नकाशावर आजही रस्ते काटकोनात जातात ते यामुळे. तिथे मूळ रहिवाशांना हुसकून आधी रेषा आखल्या आणि मग माणसे आणून बसवली. इंदापुरात माणसे शेकडो वर्षांची होती. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, वतने, शिवार, शिवेवरचा म्हसोबा हे सगळे आधीच जागच्या जागी होते. म्हणून इथली मोजणी शेताच्या वाकड्यातिकड्या बांधाच्या मागून गेली. इंदापूरच्या गावनकाशात एकही सरळ चौकोन सापडत नाही. मला हा नकाशा अमेरिकेच्या नकाशापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो, कारण ओढा, उतार आणि भाऊबंदकी तिन्ही त्यात उमटलेली आहेत.

पण एका गोष्टीत दोन्हीकडे सारखेच घडले. मोजलेली, नंबर पडलेली, सारा ठरलेली जमीन गहाण ठेवण्याजोगी झाली. पूर्वी सावकार पीक पाहून पैसे देत असे, आता तो जमीन पाहून देऊ लागला. कोर्टातून तिचा लिलाव करता येऊ लागला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस बाजारात येईना आणि आपल्याकडे कापसाबरोबर सगळ्याच मालाचे भाव चढले. कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपले आणि भाव पडले. इंदापूरच्या ३० वर्षांच्या हमीची मुदत याच सुमारास संपली आणि १८६७ साली नवे दर लागू झाले. ते भरभराटीच्या वर्षांकडे पाहून बसवलेले होते. सारा चांगलाच वाढला. उत्पन्न उतरत असताना सारा वाढला की माणूस सावकाराच्या ओट्यावर जाणारच.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. लोकांना हवी होती ती वहीखाती आणि कर्जरोखे. ते मिळाले आणि जाळले गेले. जीव घेण्यावर कोणाचा भर नव्हता. कागद नाहीसा व्हावा, एवढीच मागणी होती. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत हेच घडले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा केला. साखळीने शेताला नंबर दिला तेव्हापासून सुप्याच्या होळीपर्यंत ४० वर्षेही उलटली नव्हती.

लगोलग १८७६ ते ७८ चा महादुष्काळ आला. त्यात माणसे खडी फोडायला आणि माती वाहायला लागली, आणि त्या दुष्काळी कामांतून या भागाचे दुसरे रूप जन्माला आले. नीरा डावा कालवा १८७६ साली दुष्काळी काम म्हणून सुरू झाला आणि १८८५ साली त्यातून पाणी वाहू लागले. पाणी येते वीरच्या बंधाऱ्यातून. त्याला आधार म्हणून भोरच्या डोंगरात भाटघरला धरण बांधले गेले, ते १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला पुरे झाले. नंतर त्याच ठिकाणी त्याहून मोठे धरण आले, तेही १९२७-२८ पर्यंत तयार झाले. गव्हर्नर लॉइड यांचे नाव त्याला मिळाले. या वाढीव पाण्यावर पलीकडे फलटण-माळशिरसच्या बाजूला उजवा कालवा निघाला. म्हणजे जो पाऊस भोरला पडतो तो धरून ठेवायचा आणि जिथे पडत नाही तिथे नेऊन सोडायचा.

कालव्याचे एक गणित लक्षात ठेवावे लागते, त्याशिवाय बारामती-इंदापूर कळत नाही. पाणी उतारानेच जाते. म्हणून कालवा पुरंदर, बारामती, इंदापूर असा डोंगरउतारावरून जवळजवळ समपातळीत, अगदी थोडा उतार देत नेला आहे. ही रेषा शेताचा बांध, गावाची शीव, जात, खातेदार यांतले काहीही पाहत नाही. ती फक्त समुद्रसपाटीपासूनची उंची पाहते. डाव्या कालव्याच्या दक्षिणेला, नीरेच्या बाजूला जे रान आहे त्याला पाणी मिळते. उत्तरेला एका शेताच्या अंतरावर असलेल्या रानाला मिळत नाही. एकाच भावकीतल्या दोन घरांपैकी एक बागायतदार होते आणि दुसरे जिरायती राहते. पुढच्या शंभर वर्षांत सोयरिकी जुळवताना, कर्ज देताना, पंचायतीत कोणाचे ऐकायचे ते ठरवताना या रेषेने जे काम केले ते कोणत्याही कायद्याने केले नाही.

पाणी आले तरी लोक ते लगेच घ्यायला तयार नव्हते. शाळूला एकदोन पाणी पुरते. चांगल्या पावसाच्या वर्षी कालव्याला पाणीपट्टी कशाला भरायची, असा सरळ हिशोब होता. उसाची मेहनत, भांडवल आणि खत या मुलखाला सवयीचे नव्हते. ते काम सासवडकडच्या माळ्यांनी केले. विहिरीच्या बागायतीत मुरलेली ही माणसे कालव्याच्या कडेकडेने खाली सरकत आली, खंडाने जमिनी घेतल्या, ऊस लावला आणि गुऱ्हाळे घातली. बारामतीचा गूळ बाजारात नाव काढू लागला. याच समाजातल्या शेतकऱ्यांनी पुढे भांडवल जमा करून १९३२ साली सासवड माळी साखर कारखाना काढला, नीरेच्या पलीकडे माळीनगरला.

ऊस वाढला आणि त्याबरोबर अडचणी वाढल्या. अडसाली ऊस रानात दीड वर्ष उभा. वरच्या गावांनी मनसोक्त पाणी घेतले की टेलच्या गावांना ते मिळत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या या भागात पाटबंधाऱ्याचे काम पाहत होते. त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. गावोगावी ठरावीक ब्लॉक आखायचे, त्यात उसाखालचे क्षेत्र मर्यादित ठेवायचे, पिकांची फेरपालट करायची आणि त्या बदल्यात शेतकऱ्याला काही वर्षांसाठी पाण्याची खात्री द्यायची. पाणी अनेक गावांत पसरावे आणि जमिनी पाण्याने सडू नयेत, असे दोन्ही हेतू त्यामागे होते. दुसरा हेतू पूर्ण साधला नाही. नीरेच्या खोऱ्यात खोल काळ्या रानांतून पाणी वर येऊ लागले, मीठ फुटू लागले, उत्तम जमिनी चोपण झाल्या. सोळा आणे प्रतीची माती सर्वांत आधी बिघडली, कारण तिच्यातच पाण्याचा निचरा सर्वांत कमी. मुरमाड माळ या दुखण्यातून बऱ्याच अंशी सुटला.

कालव्याच्या गावांत ‘पाळी’ हे वेळापत्रक आहे आणि घड्याळही. पाळी रात्री दोनला आली तर रात्री दोनलाच दारे धरावी लागतात. कालव्यातून फाटा, फाट्यातून चारी, चारीतून शेताचा पाट. खोरे घेतलेला माणूस अंधारात सरीच्या तोंडाची माती ओढतो, पाणी सरीत सोडतो, सरी भरली की माती परत लावतो आणि पुढच्या सरीकडे जातो. बॅटरीच्या उजेडात पाय आधी, मग हात, कारण उसात साप असतो. वरच्याने चोरून दार फोडले की खाली पाणी तुटते आणि पाटकऱ्याला उठवायला धावावे लागते. ठिबक आले, मोटारी आल्या, तरी कालव्याच्या रात्री या भागातल्या दोनतीन पिढ्यांच्या अंगात भिनल्या आहेत.

या पाण्याच्या भरवशावर वालचंद हिराचंद इंदापूर तालुक्यात आले. कळंब गावाच्या परिसरात त्यांनी विस्तीर्ण जमीन खंडाने आणि विकत घेऊन ऊसमळे उभे केले आणि १९३३-३४ च्या सुमारास साखर कारखाना सुरू केला. त्याभोवती वसलेले गाव म्हणजे वालचंदनगर. कामगारांच्या चाळी, दवाखाना, शाळा, बाजार अशी आखीव वसाहत माळावर उभी राहिली. या तालुक्यात आधी रेषा आखून मग माणसे आणलेले हे खरे टाउनशिप. साखरेची यंत्रे दुरुस्त करणारी कर्मशाळा वाढत वाढत साखर कारखान्यांची यंत्रे बनवू लागली, आणि नंतर अणुऊर्जा प्रकल्पांचे अवजड भाग आणि इस्रोच्या अग्निबाणांची आवरणेही तिथे तयार झाली. चांद्रयानाच्या अग्निबाणाचा काही भाग इंदापूर तालुक्यात घडला आहे.

कारखान्याच्या शेतीवर मात्र दुसरी वेळ आली. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने खासगी साखर कारखान्यांची शेती सरकारकडे गेली आणि ती सांभाळायला १९६३ साली राज्य शेती महामंडळ निघाले. वालचंदनगर-रत्नपुरीचे मळे त्यातच आले. ज्या शेतकऱ्यांनी एके काळी कारखान्याला खंडाने जमिनी दिल्या होत्या त्या खंडकऱ्यांचे वारस दोन पिढ्या त्या परत मागत राहिले. परत देण्याची प्रक्रिया एकविसाव्या शतकात सुरू झाली. इतक्या वर्षांत मूळ बांध नांगरून गेले होते, म्हणून पुन्हा तीच जुनी टिपणे निघाली. खंडकऱ्यांची ही लढाई महाराष्ट्राने नीट ऐकलीच नाही असे मला वाटते. सहकाराचा इतिहास लिहिणारी पुस्तके तिला दोन ओळींपलीकडे जागा देत नाहीत.

सहकार या भागात १९५० च्या दशकात आला. माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, त्यानंतर सोमेश्वर आणि पुढे इंदापूर तालुक्यातले आणखी कारखाने. त्यांच्या कथा, त्यांतले राजकारण आणि बारामतीतून राज्याच्या आणि देशाच्या राजकारणात गेलेली माणसे यांवर इतके लिहिले गेले आहे की इथे ते पुन्हा सांगत नाही.

हा सगळा मुलूख एका दमात डोळ्याखालून घालायचा असेल तर आषाढात तुकोबांच्या पालखीच्या वाटेने जावे. उंडवडी गवळ्याचीकडून पालखी निघते तेव्हा दोन्ही बाजूंना माळ असतो. बारामतीच्या अलीकडे-पलीकडे हिरवे सुरू होते. काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि धनगर आपल्या मेंढ्या पालखीभोवती पळवतात. मेंढ्यांचे ते रिंगण ऊसपट्ट्याच्या मधोमध होते. माळावर राहणाऱ्यांचा मान कालव्याने बुजवला नाही, याची खूण दरवर्षी तिथे मिळते. मग सणसर, बेलवाडीचे घोड्याचे गोल रिंगण, विड्याच्या पानांचे निमगाव केतकी, इंदापूर, आणि शेवटी सराटी. तिथे नीरेत पादुकांना स्नान घातले जाते आणि पालखी पूल ओलांडून अकलूजकडे जाते. चालणाऱ्याच्या पायाखाली मुरूम, काळी, परत मुरूम असे सगळे येऊन गेलेले असते. अलीकडे हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला, त्यासाठी भूसंपादन झाले, आणि आज शेताच्या किमतीत मातीपेक्षा रस्त्याकडची बाजू अधिक बोलते.

नीरेकडची बाजू अशी बदलली. भीमेकडच्या बाजूला बदल पुष्कळ उशिरा आला. पुणे-दिक्सळ हा रेल्वेमार्ग १८५८ सालीच या काठावरून सुरू झाला होता, पण आगगाडीने शेतीला पाणी दिले नाही. भीमाकाठ जिरायतीच राहिला. मग माढा तालुक्यात उजनीला धरण झाले, १९८० साली. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातले जवळजवळ ६४ टीएमसी मृत साठा. धरण सोलापूरसाठी होते आणि पाण्याखाली गेली ती इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जतची काळी भुई. पळसदेव गाव उठले. तिथले पळसनाथाचे जुने दगडी मंदिर दुष्काळी उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते आणि लोक ते पाहायला चालत जातात. रेल्वेची जुनी वाट बदलावी लागली. ज्यांची जमीन गेली त्यांना दूरच्या गावांत पर्यायी जमिनी मिळाल्या, काहींना उशिरा मिळाल्या, आणि ज्या गावात गेले तिथल्यांनी त्यांना बाहेरचे मानले.

पण फुगवट्याच्या काठावर जे राहिले त्यांच्या दारात पाणी आले. त्यांनी सोसायट्यांचे आणि खासगी उपसा पंप बसवले, मैलोगणती पाइप टाकले आणि भीमेकाठी पुन्हा ऊस उभा केला, शिवाय केळी, डाळिंब आणि पेरू. उन्हाळ्यात पाणी मागे सरकते तशा मोटारी पुढे न्याव्या लागतात. चिखलातून केबल ओढायची, पाइपचा एकेक तुकडा जोडायचा, मोटार नव्या काठावर बसवायची, आणि आठवड्याने पाणी पुन्हा मागे गेले की पुन्हा तेच. या उथळ पाण्यावर कुंभारगाव आणि भिगवणजवळ रोहित पक्षी येतात, हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात, आणि त्यांना पाहायला पुण्यामुंबईची माणसे येतात. भोई समाजाला मासेमारीचा नवा धंदा मिळाला आणि भिगवणचा मासळी बाजार मोठा झाला. त्या बाजारात आज पाटीभर चिलापी दिसते. ही बाहेरून आलेली जात, आणि तिने मूळच्या माशांची जागा घेतली. मुळा-मुठेतून पुण्याचे सांडपाणी भीमेत येते आणि ते सारे इथे थांबते. जलपर्णी माजते, पाण्याला वास येतो, आणि काठावरची माणसे त्याच पाण्यावर पिके घेतात. पुण्याने धरणांतून स्वच्छ पाणी घ्यावे आणि इंदापूरला घाण पाणी द्यावे, हा व्यवहार न्यायाचा नाही.

दोन नद्यांच्या मधला उंचवटा आजही तहानलेलाच आहे. इंदापूरची बावीस गावे हा शब्दप्रयोग इथल्या प्रत्येक निवडणुकीत कानावर पडतो. नीरेचा कालवा त्यांच्या खालून जातो आणि खडकवासल्याहून येणाऱ्या सुमारे २०० किलोमीटर लांबीच्या नव्या मुठा उजव्या कालव्याचे ती शेवटचे टोक आहेत, त्यामुळे त्या पाण्यातले त्यांच्यापर्यंत पोचते तेवढेच त्यांचे. बारामतीतही सुपे-मोरगावचा पट्टा जिरायतीच म्हणून ओळखला जातो. तिथे जनाई-शिरसाई आणि पुरंदर उपसा योजनांचे पाणी यावे यासाठी खटपट चालते. माळेगाव खुर्दला २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी राहिली ती मुद्दाम अशाच उघड्या कातळाच्या माळावर. मातीच नाही तिथे पीक कसे घ्यायचे, हा तिचा अभ्यासविषय आहे. विंगेटच्या प्रतवारीत ज्या जमिनीला सर्वांत कमी आणे मिळाले असते तिच्यावर आता संशोधन चालते.

उजनीच्या काठावर आणखी एक प्रकार चालतो, त्याला गाळपेर म्हणतात. उन्हाळ्याकडे पाणी ओसरले की जुन्या शिवारांची गाळाने भरलेली भुई उघडी पडते. ती संपादित आहे, म्हणजे सरकारची. पाटबंधारे खाते ती हंगामापुरती कसायला देते आणि धरणग्रस्तांचा त्यावर पहिला हक्क सांगितला जातो. ओलाव्यावर हरभरा, मका, कलिंगड, चारा असे झटपट येणारे पीक घ्यायचे आणि पावसाळ्याआधी रान मोकळे करायचे. या जमिनीला बांध नाही. दरवर्षी पाणी किती मागे जाईल त्यावर क्षेत्र ठरते, आणि कोणाचा तुकडा कुठे हा वाद नव्याने उभा राहतो. मग कोणीतरी जुना गावनकाशा काढतो, कोणीतरी वडिलांच्या सातबाऱ्याचा सर्व्हे नंबर सांगतो, आणि ओल्या गाळावर चुन्याच्या फकीने गुंठे पाडले जातात.